चाळीस थाऊ

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं पक्कं झालं तेव्हा सगळ्यांनी नव्या फ्लॅटचा कार्पेट एरिया विचारला. आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला, गाडीचं काय?

गाडी म्हणजे 1975 ची प्रीमियर पद्मिनी. वागळे इस्टेटला लागून असलेल्या श्रीनगरात, आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला टेकून, निळ्या ताडपत्रीखाली ती सहा वर्षं उभी होती. तिच्या पोटाखाली मांजरांच्या तीन पिढ्या वाढल्या. बिल्डरला आवार मार्चअखेर रिकामं हवं होतं, म्हणजे हातात साडेचार महिने. तोवर गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडायला हवी, नाहीतर क्रेनला लटकून. भंगारवाला येऊन गेला. त्यानं बोनेटवर टिचकी मारली, वाकून खालचा पत्रा बघितला आणि पस्तीस हजार म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. त्यांनी ती 1986 साली सेकंडहँड घेतली. त्या काळात नव्या पद्मिनीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे सेकंडहँड गाडीलाही काही कमी भाव नव्हता. चिपळूणजवळच्या गावातून आलेला, वर्कशॉपमध्ये मशीन चालवणारा माणूस गाडी घेतो ही श्रीनगरात बातमीच होती म्हणे. आजी अजून सांगते, पेढे वाटले तेव्हा दोन घरांनी ते घेतले आणि खाल्ले नाहीत.

आबा वागळे इस्टेटमध्ये एका इंजिन रिबोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये बोअरिंग मशीनवर होते. वागळे इस्टेट म्हटलं की आता लोकांना पासपोर्ट ऑफिस आठवतं, नाहीतर आयटी पार्क. पण एमआयडीसीची सुरुवातच इथून झाली. 1 ऑगस्ट 1962 ला महामंडळाचा आरंभ झाला तो इथल्याच कार्यक्रमात. म्हणून इथल्या रस्त्यांना माणसांची नावं कमी आणि नंबर जास्त: रोड नंबर 16, रोड नंबर 22, रोड नंबर 33. मी रोड नंबर 16 च्या बाजूला सहाव्या मजल्यावर बसते, काचेच्या इमारतीत. मागच्या खिडकीतून अजून काही जुनी सिमेंटच्या पत्र्यांची छपरं दिसतात. आबांचं वर्कशॉप त्यांतलंच एक असावं असं मी पहिले सहा महिने धरून चालले होते. नंतर कळलं की ते आमच्या ऑफिसच्या पार्किंगच्या जागेवर होतं.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, म्हणजे डिग्री तशी आहे. नोकरी लागली सॉफ्टवेअरमध्ये, जशी माझ्या वर्गातल्या बहुतेकांना लागली. 2019 मध्ये ऑफर लेटर आबांना दाखवलं तेव्हा त्यांनी पगाराचा आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "मग त्या चार वर्षांत शिकलीस काय?" मी हसले. त्याच डिसेंबरात ते गेले. गाडी शेवटची चालली ती त्या नोव्हेंबरात.

मिस्त्री मिळवायला तीन आठवडे गेले. पद्मिनीवर हात बसलेले बहुतेक मिस्त्री टॅक्सीवाल्यांच्या जिवावर जगत होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी तारदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. बातम्यांत तेव्हा सगळे हळवे झाले. आमचे मिस्त्री म्हणाले, "हळवे झाले ते ठीक, पण त्यातल्या एकानं तरी कार्ब्युरेटरचं किट घेतलं का?" सातारा जिल्ह्यातला माणूस, साठीच्या पुढचा. मला ताई म्हणतो आणि बाबांना साहेब, आणि दोघांच्या बोलण्याकडे सारखंच दुर्लक्ष करतो.

त्यांनी आधी प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि आठवडाभर मुरत ठेवलं. सहा वर्षांत पिस्टन भिंतींना चिकटले होते. आठ दिवसांनी फॅन बेल्टला धरून इंजिन हलकेच फिरलं तेव्हा बाबांनी टाळी वाजवली. मग कॉम्प्रेशन मोजलं. चांगल्या इंजिनात काटा सव्वाशेच्या आसपास जायला हवा. आमचा साठावर थांबला, आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये पन्नासावर.

"हेड उघडावं लागेल," मिस्त्री म्हणाले. त्यांनी हेड उघडलं आणि चारही पिस्टनच्या डोक्यांवरची काजळी फडक्यानं पुसली. खाली आकडा कोरलेला होता. 40.

हा आकडा समजायला थोडं मागं जावं लागेल. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75. हे माप फियाटनं 1937 च्या 508 सी या गाडीत वापरलं होतं. ती गाडी इटलीत इतिहासजमा झाली, तिच्या मुलीही झाल्या, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तेच माप विसावं शतक संपेपर्यंत चालू राहिलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेली कंपनी. 1964 ला फियाट 1100 डिलाइट, 1972 ला प्रीमियर प्रेसिडेंट, 1974 ला प्रीमियर पद्मिनी. नावं बदलत गेली, गाडी तीच राहिली.

आता पिस्टन वरखाली होऊन होऊन सिलिंडरची भिंत झिजते, आणि ती गोलही राहत नाही, किंचित लंबगोल होते. मग ब्लॉक बोअरिंग मशीनवर चढवून भोक जरासं मोठं करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. मोठं किती, तर वीस थाऊ, तीस थाऊ, चाळीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फियाट मिलिमीटरवाली, पण वर्कशॉपची जीभ इंचाची. चाळीस थाऊ म्हणजे साधारण एक मिलिमीटर. मी मोबाइलवर हिशेब केला: आमच्या इंजिनाच्या आरसीवर 1089 सीसी लिहिलंय, प्रत्यक्षात ते 1122 झालं होतं. चाळीसच्या पुढं भिंत पातळ होते. म्हणजे झीज मोजून काढण्याची सोय संपली होती.

मिस्त्रींनी बोटानं तीन नंबरची कड दाखवली. तिथं भिंतीच्या आत एक बारीक रेघ गोल फिरत होती, जणू भोकात एक नळी बसवलीय. "इथं स्लीव्ह टाकलेली आहे. तीन नंबरमध्ये कधीतरी मोठी भानगड झाली असणार."

मग ते उभे राहिले, पाठ सरळ केली आणि दोन पर्याय सांगितले. एक, चारही सिलिंडरमध्ये नव्या स्लीव्ह टाकायच्या, माप परत 68 वर आणायचं, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंड, बेअरिंगं, व्हॉल्व्ह. नव्वद हजार ते एक लाख, आणि वेळ सांगता येत नाही. दोन, इंजिन बदलायचं. कुर्ल्यात एका 118 एनईचं इंजिन गिअरबॉक्ससकट उभं आहे. पंचावन्न हजारांत बसवून देतो, तीन आठवड्यांत.

118 एनई ही प्रीमियरचीच, 1985 ला आलेली. फियाट 124 चं शरीर आणि निसानचं 1171 सीसी इंजिन. म्हणजे परकं नाही, एकाच घराण्यातलं. पद्मिनीची ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, हिची पन्नासच्या पुढं. बाबा तिथल्या तिथं म्हणाले, "बदला."

मी म्हणाले, "नाही."

आमच्या घरातल्या भांडणांना आवाज नसतो, एक्सेल शीट असते. त्या रात्री मी एक केली. दोन कॉलम, वर 'ठेवणे' आणि 'बदलणे'. तिसरा कॉलम घातला 'ईव्ही', कारण पुण्या-हैदराबादकडं जुन्या गाड्यांना मोटर आणि बॅटरी बसवून मिळते आणि रील्सवर ते फार छान दिसतं. बॅटरीची किंमत बघितली आणि तो कॉलम लपवून टाकला.

जुन्या गाड्यांच्या जगात हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत 'मॅचिंग नंबर्स' हा शब्द पैशांसारखा चालतो: कारखान्यातून निघताना ज्या चासीला जे इंजिन होतं तेच आजही असेल तर गाडीचा भाव वेगळाच. पण ते लाखो डॉलरच्या पोर्श आणि शेव्हर्लेचं जग. आमच्या पद्मिनीला मॅचिंग नंबरचे जास्तीचे किती मिळाले असते? भंगारवाल्यानं नंबर बघितलासुद्धा नव्हता. उलट भारतात इंजिन बदलण्याची परंपरा खुद्द कंपन्यांचीच. अ‍ॅम्बॅसॅडरनं नव्वदच्या दशकात तिचं जुनं ब्रिटिश इंजिन सोडून इसुझूचं 1817 सीसीचं घेतलं. पद्मिनीतही त्याच दशकात डिझेल इंजिन आलं, 137 डी. अ‍ॅम्बॅसॅडर इसुझूची झाली म्हणून कुणी तिला अ‍ॅम्बॅसॅडर म्हणायचं थांबलं नाही.

बाबांचा मुद्दा असा होता: "तू ती गाडी कधी ढकललीस का?"

नव्हती ढकलली. मी लहान होते, मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर झोपलेली असायचे. 1998 चा गणपती, कशेडी घाट. पुढं ट्रक, मागं एसटी, आणि गाडीच्या नाकातून वाफ. आबांनी डिकीत पाण्याचे चार कॅन ठेवलेले असायचेच. बाबा पावसात उतरून मागच्या चाकाला दगड लावायचे, आबा फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवायचे, झाकण उडायचं, बाबांच्या हातावर त्याचा डाग अजून आहे. "तुला ते मूळ इंजिन हवंय," बाबा म्हणाले, "कारण तुला त्यानं कधी रडवलं नाही. मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय. मला ती चालवायची आहे. फोटो काढायला नको."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसात जुना कोड दिसला की 'हे फेका, नव्यानं लिहू' म्हणणाऱ्यांत मी पहिली असते. तिथं कुणी भावनिक झालं की मला कंटाळा येतो. घरात मात्र मी 'मूळ' हा शब्द असा वापरत होते, जणू तो मुद्दाच आहे. आजीला विचारलं. ती म्हणाली, "इंजिन कुठलं ते मला काय कळतंय? मला त्या गाडीत बसलं की मळमळायचं."

म्हणून मी कायदा वाचायला घेतला. खरं सांगायचं तर मला बाबांना हरवायचं होतं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलांशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ चांगलाच कडक लावला. सीएनजीसारख्या इंधनबदलाला वाट आहे. त्याच जातीचं इंजिन टाकलं तरी नव्या नंबरची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. पण दुसऱ्या मॉडेलचं, दुसऱ्या सीसीचं इंजिन म्हणजे आरटीओत कुणाच्या तरी टेबलावर वर्षभर पडणारी फाइल. नोंद न करता चालवणारे खूप आहेत. पण अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर बघते.

बाबा सहकारी बँकेत तीस वर्षं कागद तपासत आलेत. ते गप्प झाले. मला जिंकल्यासारखं वाटलं आणि तेवढंच वाईटही.

मग मी आणखी उत्साहानं व्हिंटेजचा नियम शोधला. जुलै 2021 मध्ये केंद्रानं तो काढला: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली. आमच्या गाडीला 2025 मध्येच पन्नास पूर्ण झाली होती. नव्यानं नोंदलेल्या गाडीला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, फी वीस हजार, दहा वर्षांची मुदत, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मी बाबांना हे वाचून दाखवत होते आणि पुढच्या ओळीवर अडकले. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढंच.

"म्हणजे मी रिटायर झाल्यावर पेट्रोल भरायला जायचं," बाबा म्हणाले, "आणि परत यायचं."

व्हिंटेजचा विषय तिथं संपला.

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला तरी ठरत नव्हतं. निर्णय माझ्या शीटमधून आला नाही, मिस्त्रींच्या एका वाक्यातून आला. बाबांनी त्यांना विचारलं, एनईचं इंजिन टाकलं तर गाडी किती पळेल. ते म्हणाले, "पळेल हो. थांबणार कशी?" पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते चाळीस हॉर्सपॉवरच्या हिशेबानं दिलेले. जास्त ताकद घातली की ब्रेक बदला, ब्रेक बदलले की पुढचे हब बदला. एनईचा गिअर खाली जमिनीवर, आमचा स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे मधला पत्रा कापा, मागं जाणारा शाफ्ट लहानमोठा करा. पंचावन्न हजार हा सुरुवातीचा आकडा होता. मी तो शीटमध्ये शेवटचा आकडा म्हणून लिहिला होता. इंजिनियर.

आणि घाटाचा मुद्दा तसाही निकालात निघाला होता. कशेडीला आता बोगदा झालाय. बाबा हे स्वतःच म्हणाले, जेवताना, वरणाकडे बघत. मी शीट बंद केली.

पण मग तीन नंबरचं प्रकरण निघालं.

आजीच्या ट्रंकेत आबांच्या कामाच्या वह्या होत्या. गाडीचे जुने कागद शोधताना त्या सापडल्या. लांबट, लाल पुठ्ठ्याच्या. रोजचा जॉब, गाडीचा प्रकार, माप, किती थाऊ. नाव नाही, रक्कम नाही. जून 1993 च्या पानावर एक ओळ होती: 'फियाट, स्वतःची, 3 नं. स्लीव्ह, चारी 40.' खाली पेन्सिलनं आकडेमोड. बाबांना आठवलं. पिस्टनच्या पिनेची क्लिप तुटून पिन बाहेर सरकली होती आणि तिनं भिंतीवर खोल चर पाडला होता. आबांनी मालकाला विचारून रविवारी वर्कशॉप उघडलं, ब्लॉक स्वतः मशीनवर चढवला. आजी म्हणाली, त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत, डबा घेऊन तुझा बापच गेला होता.

म्हणजे मी ज्याला 'मूळ' म्हणत भांडत होते ते इंजिन 1993 मध्येच कारखान्याचं राहिलं नव्हतं. त्याचं माप आबांनी बदललं होतं. आता मला ते इंजिन पहिल्यापेक्षा जास्त हवं होतं, आणि ते ठेवायचं तर मिस्त्रींच्या पहिल्या पर्यायात पहिलं काम होतं जुनी स्लीव्ह काढून टाकणं. चाळीस थाऊचे पिस्टन कुठंच मिळत नव्हते. कुर्ल्यात एका दुकानात टॅक्सीच्या काळातला एक सेट होता, खोक्यावर बोटभर धूळ, तोही स्टँडर्ड मापाचा. स्टँडर्डवर जायचं तर चारही भोकांत नव्या स्लीव्ह, आणि आबांची बाहेर.

मी मिस्त्रींना विचारलं, तेवढी एक ठेवता येणार नाही का? त्यांनी मला समजावलं नाही. "झिजलीय, ताई," एवढंच म्हणाले.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, फिवाचा, एक दस्तऐवज आहे, ट्युरिन चार्टर. 2012 मध्ये मंजूर झाला. त्यातली एक गोष्ट मला पटली होती: गाडी तिच्या रोजच्या आयुष्यात असताना तिच्यात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचे पुरावे आहेत, ते पुसू नयेत. चार्टर लिहिणाऱ्यांचं बरोबर आहे. पण त्यांची गाडी म्युझियमच्या गालिच्यावर उभी राहणार असते. आम्हाला आमची शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये न्यायची होती.

ब्लॉक बोअरिंगला गेला तो वागळे इस्टेटमध्येच, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका गाळ्यात. असे गाळे आता थोडेच उरलेत. मी लंच ब्रेकमध्ये गेले, गळ्यात आयडी कार्ड तसंच. मशीनवर माझ्याच वयाचा एक मुलगा होता. त्यानं ब्लॉक पक्का केला, तीन नंबरच्या भोकात कटर सोडला आणि स्लीव्ह आतून पातळ करत नेली. बीडाची कापणी स्टीलसारखी सुरळ्या काढत नाही, बारीक काळी पूड पडते. ती ट्रेमध्ये साचत होती. मी बोट लावून बघितलं. शेवटी कागदासारखी उरलेली नळी त्यानं छिन्नीनं आत दुमडली आणि ओढून काढली. सगळं मिळून वीस मिनिटं. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर झालं.

मग त्यानं उघड्या पडलेल्या भोकात गेज सोडलं. वर मोजलं, मधे मोजलं, खाली मोजलं. गेज आडवं फिरवून परत तीनदा. मिस्त्रींकडे बघून म्हणाला, "हे कुणी केलंय?"

"का?" मी विचारलं.

"टेपर नाही. वरपासून खालपर्यंत एकच माप आहे. याला परत कापायची गरजच नाही. याच मापाची स्लीव्ह मागवू, आणि बाकीचे तीन याच्यावर जुळवून घेऊ."

मी आबांचं नाव सांगितलं. त्याला अर्थातच माहीत नव्हतं. "जुन्या लोकांना वेळ असायचा," तो म्हणाला आणि पुढच्या भोकावर कटर लावला. मी अर्धा तास उशिरा ऑफिसला पोचले. मीटिंगमध्ये बोटांना काळं लागलेलं होतं, पण कॅमेरा बंद होता.

बाकीचं सगळं ठरलेल्यापेक्षा महाग पडलं. क्रँकची बेअरिंगं दोनदा चुकीची आली. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि तडकतं. म्हणून सगळे पेट्रोल पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घातला, कार्ब्युरेटरचा जेट एक नंबरानं मोठा केला. एवढं मूळपण मी हसत हसत सोडलं. एकूण खर्च एक लाख अठरा हजार. माझ्या शीटमधल्या दोन्ही कॉलमांत हा आकडा नव्हता. आरटीओत नूतनीकरणाला नेली तेव्हा इन्स्पेक्टरनं नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, उमटलेले आकडे आरसीशी ताडून बघितले आणि मान हलवली. नंबर ब्लॉकच्या बाहेरच्या अंगावर असतो. आत काय काय झालं ते आरसीला माहीत नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. डोंबिवलीत मावशीच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं जागा मिळाली होती. बाबा स्टिअरिंगवर, आजी पुढं, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, मळमळलं तर. नव्या रिंगा बसेपर्यंत पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. मुंब्रा बायपासवर एक ट्रकवाला आम्हाला ओलांडताना हॉर्न वाजवून हसला.

कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामानं रविवारीसुद्धा रांग होती. प्रीमियर मैदानापाशी गाडी पूर्ण थांबली. आमच्या पिढीला हे मैदान राजकीय सभांचं म्हणून माहीत आहे. इथं प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात प्यूजो 309 इथं जुळवली जायची. बाबांनी इंजिन बंद न करता खाली उतरून रेडिएटरवर उलटा हात ठेवून बघितलं. डिकीत पाण्याचे चार कॅन होते, त्यांना हात लावावा लागला नव्हता. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. बाबा आत बसले, दांड्यावरचा गिअर वर ओढून पहिल्यात टाकला आणि म्हणाले, "पन्नास ओलांडायची वेळच आली नाही अजून."